मटकीला मोड येतात तेव्हा

(दृश्य: माण तालुका. बाजरी काढून झालेलं रान. अंगणात वाळत घातलेली मटकी, सुपानं पाखडणारे हात.)

सातारा जिल्ह्याची ही पूर्वेकडची बाजू. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस इथवर येईतो संपलेला असतो. माणदेशात पिकतं ते थोड्या पाण्यावर तग धरणारं. ज्वारी, बाजरी, हुलगा आणि बाजरीच्या सोबतीनं रानात पसरणारी ही मटकी. ताजी भाजी बारा महिने ताटात पडेल असा हा मुलूख कधीच नव्हता. पण ताज्या भाजीपाल्यातून आणि फळांतून मिळणारं क जीवनसत्त्व शरीराला रोज लागतं, दुष्काळ असो की सुकाळ. इथल्या बायकांनी ते कोरड्या दाण्यातून मिळवलं. कसं, ते पाहू.

(दृश्य: स्वयंपाकघर. पितळी पातेल्यात फुगलेली मटकी.)

काल रात्री मटकी निवडली, दोन पाण्यांनी धुतली आणि भिजत घातली. आता सकाळ झालीय, दाणा फुगलाय. पुढचं काम सोपं दिसतं, पण सगळं त्याच्यावरच ठरतं. पाणी पूर्ण निथळलं पाहिजे. मावशी चाळणी तिरकी धरून उभ्या आहेत, घाई नाही. पाणी राहिलं तर मटकी आंबते, वास मारते. निथळली की सुती फडक्यात घ्यायची, गाठ मारायची आणि पुरचुंडी चुलीजवळच्या उबेला ठेवायची. थंडीचे दिवस असले तर वरून गोधडीचा तुकडा. फडकं सुकलंसं वाटलं तर पाण्याचा एक हबका, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, थंडीत जरा जास्त वाट पाहावी लागते.

(दृश्य: अगदी जवळून, रात्रभराचं चित्रण वेग वाढवून. टरफल फुटतं, पांढरा मोड बाहेर येतो. सुरुवातीचे काही सेकंद निवेदन नाही.)

कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. तुम्ही आत्ता पाहिलं त्या वेळात दाण्यानं ते स्वतः तयार केलं. माणसाच्या शरीराला हे जमत नाही. गाय, शेळी, कुत्रा यांच्या शरीरात क जीवनसत्त्व बनतं, आपल्या नाही. आपल्याला ते खावंच लागतं, आणि ते पाण्यात विरघळणारं असल्यामुळे जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. आज भरपूर खाऊन तीन महिन्यांची बेगमी करता येत नाही.

(दृश्य: सातारा तालुका. अपशिंगे गावाची कमान, जवानांचं स्मारक.)

हे गाव अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात इथून गेलेल्या जवानांची आठवण गावानं जपली आहे. मटकीच्या गोष्टीत हे गाव कशाला, असं वाटेल. पण ही गोष्ट सैनिकांचीही आहे.

डिसेंबर १९१५. आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या काठी कुट नावाच्या गावात ब्रिटिश हिंदी फौज वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. शिधा मुख्यतः आटा, डाळ, तूप, मीठ. भाजीपाला संपत गेला. हिंदी शिपायांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, सांधे दुखू लागले, जुन्या जखमा पुन्हा उघड्या पडू लागल्या. हा स्कर्व्ही. शरीराच्या पेशींना आणि कातडीला बांधून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन क जीवनसत्त्वाशिवाय नीट तयार होत नाही, म्हणून हे सगळं एकदम ढासळतं.

त्याच छावणीत गोऱ्या शिपायांना वेगळाच आजार झाला, बेरीबेरी. पाय सुजणं, बधिर होणं, हृदय थकणं. कारण ते पांढऱ्या मैद्याचा पाव आणि बिस्किटं खात होते. धान्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व जातं, आणि ते कमी पडलं की बेरीबेरी होते. हिंदी शिपायाच्या आट्यात ते शाबूत होतं. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांनाही जव आणि आटा खावा लागला, आणि बेरीबेरी ओसरली.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी महिला तेव्हा सैन्याच्या शिध्यावरच काम करत होत्या. गिनीपिगलाही आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बनवता येत नाही. त्याच्यावर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की सुक्या कडधान्यानं स्कर्व्ही टळत नाही, मोड आलेल्यानं टळते. सैन्यानं कडधान्य भिजवून मोड आणून शिपायांना द्यावं, असा त्यांचा आग्रह होता. १९१८ मध्ये स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांवर लिंबाचा रस आणि मोड आलेल्या घेवड्याची तुलना झाली, तेव्हा घेवडा सरस ठरला. क जीवनसत्त्व नेमकं काय आहे हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. ते १९३२ मध्ये कळलं. आणि माणदेशात पुरचुंडी रोज बांधली जात होती.

(दृश्य: गिरणी. जात्यावरची आजी. मग चूल, परातीत थापली जाणारी भाकरी.)

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं एकूण नऊ. क, आणि ब गटातली आठ. ब गटाचं मुख्य काम खाल्लेल्या अन्नातून ताकद काढणं, रक्त आणि मज्जातंतू सांभाळणं. जात्यावर दळलेल्या पिठातून काही वगळलं जात नाही, म्हणून ब-१ भाकरीत येतं. पण नुसती ज्वारीची भाकरी पुरत नाही. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार दिसतो, हे हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास मांडलं. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब होतात, डोकं बिघडतं. कमतरता ब-३ ची. शरीर ट्रिप्टोफॅनपासून, म्हणजे प्रथिनातल्या एका घटकापासून, ब-३ तयार करू शकतं. ते कडधान्यातून मिळतं. भाकरीबरोबर उसळ किंवा हुलग्याचं माडगं हवं ते यासाठी.

(दृश्य: लोखंडी कढई. फोडणी, मटकी पडते, झाकण.)

आता आच मध्यम. क जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं आणि पाण्यात उतरतं. मावशींनी पाणी बेतानंच घातलंय. जास्त झालंच तर ते ओतायचं नाही, कट म्हणून भाकरीबरोबर खायचं. उसळ गाळ होईपर्यंत शिजवायची नाही. लिंबू कढई खाली उतरवल्यावर पिळायचं. त्यातलं क मटकीतलं लोह अंगी लागायला मदत करतं.

मोडांमुळे फोलेट, म्हणजे ब गटातलंच एक जीवनसत्त्व, तेही वाढतं. १९२८ पासून मुंबईत गरोदर कामगार बायकांच्या रक्तक्षयावर काम करणाऱ्या डॉ. लुसी विल्स यांना यीस्टच्या अर्कात जो गुण सापडला, तो पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. ब-२ कमी पडलं तर ओठांच्या कडा चिरतात. ब-१२ मात्र मटकीत नाही. ते दूध, दही, अंडी, मटण, मासळीतूनच येतं, आणि कमी पडलं तर रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. पंगत. मुलांच्या ताटात उसळ.)

शाळेच्या पोषण आहारात मोड आलेली कडधान्यं आहेत. पण तिथं स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मटकी आदल्या दिवशी हातात मिळायला हवी. त्या दिवशी सकाळी मिळाली तर मोड येणार कधी? इथं ती आदल्या दुपारी मिळते, संध्याकाळी भिजते. हेच प्रत्येक शाळेत व्हावं, एवढीच मागणी या गावानं आमच्यासमोर केली, आणि ती आम्ही पुढे मांडत आहोत.