कोणी केलं, ते मी सांगत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

दिवसा मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीचे हिशेब बघते. जीएसटी, पगारपत्रकं, भंगार लोखंडाची बिलं. आणि मी विच आहे. आमच्या गल्लीत याला सरळ चेटकीण म्हणतात, माझी त्याला हरकत नाही. उलटे पाय मात्र माझे नाहीत. झाडू आहे. विधीच्या आधी जागा झाडायला तो लागतो, एरवी घरचा केर काढायला.

आज मला बोलावलंय ते मी काय मानते आणि रोज काय करते, हे सांगायला. आधी थोडा इतिहास, कारण याबद्दल सगळ्यात जास्त थापा तिथेच मारल्या जातात.

मी ज्या वाटेने जाते तिला विका म्हणतात. ती हजारो वर्षं जुनी आहे असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. इंग्लंडमध्ये 1735चा एक कायदा होता. आपल्याला जादूटोणा येतो असं भासवणं हा त्यात गुन्हा होता. तो 1951 मध्ये रद्द झाला. मग 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर या गृहस्थांनी पुस्तक लिहून हा पंथ उघडपणे मांडला. मलायात कस्टममध्ये नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या बऱ्याच विधींचे शब्द पुढे डोरीन व्हॅलिएंटे या बाईंनी नव्याने लिहिले, आणि ते शब्द खरोखर चांगले आहेत. हा ख्रिस्तापूर्वीचा धर्म आहे, लपूनछपून चालत आलाय, असा गार्डनर यांचा दावा होता. इतिहासकारांनी तो तपासला आणि तो टिकला नाही. मला याचं काही वाईट वाटत नाही. माझ्या आईपेक्षा जेमतेम मोठा असलेला धर्म मला चालतो. आपल्या देशात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी 1980च्या दशकात स्वतःला जाहीरपणे विच म्हणवून घेतलं, म्हणजे आपल्याकडेही हे आजचं खूळ नव्हे.

पण त्याआधीच्या बायकांचं काय? युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकीण ठरवून चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक बायका. त्या विका मानणाऱ्या नव्हत्या. कुणी सुईण, कुणी मोलकरीण, कुणी नुसती फटकळ तोंडाची. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसची अॅना गोल्डी घ्या. मालकाच्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्या, आळ कामवालीवर आला आणि 1782 मध्ये तिचं डोकं उडवलं. तिथल्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं ते 2008 साली. ही दुधाची गोष्ट लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

आता मी काय मानते ते सांगते. सैतान आमच्यात नाही. तो ज्यांच्या धर्मात आहे त्यांनी त्याचं बघावं. माती, पाणी, वारा, अग्नी यांच्यात जे आहे तेच पूज्य. बहुतेक विका मानणारे देवी आणि देव अशी जोडी धरतात, काहींना ती नुसती रूपकं वाटतात. मी पौर्णिमेला पहिल्या गटात असते आणि महिनाअखेरीला ताळेबंद जुळवताना दुसऱ्या. नियम एकच मोठा आहे: कुणाला इजा होत नसेल तर तुला हवं ते कर. शिवाय असंही म्हणतात की आपण जे सोडतो ते तिप्पट होऊन परत येतं. हिशेब लिहिणारी असल्यामुळे हे तिप्पट मला कधीच पटलं नाही. कोण मोजतं? पण पहिला नियम पाळायला त्या व्याजाची गरजही नाही.

रोजचं म्हणाल तर फार नाही. खिडकीजवळच्या फळीवर चार वस्तू आहेत. उत्तरेला मलप्रभेतला एक गोटा, कणकुंबीला तिच्या उगमाकडे गेले होते तेव्हा आणलेला. पूर्वेला उदाची वाटी, दक्षिणेला पणती, पश्चिमेला तांब्याच्या फुलपात्रात पाणी. सकाळी पाणी बदलायचं, पणती लावायची, चारी दिशांना तोंड करून एकेकदा श्वास घ्यायचा. चहा उकळेपर्यंत होतं सगळं.

ही दिशांची मांडणी इंग्लंडातून आलेली. पश्चिमेला पाणी हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको; चोर्ल्याच्या घाटाकडून आभाळ भरून यायला लागलं की गच्चीवरची वाळवणं आपण बघण्याआधीच आत आणतो. पण दक्षिणेला अग्नी का? कारण इंग्लंडात दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. बेळगाव साधारण सोळा अंश उत्तर अक्षांशावर. इथे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणून तेवढे दिवस माझी पणती दक्षिणेकडून उठून उत्तरेला गोट्याशेजारी जाते. पुस्तकात असं कुठेही लिहिलेलं नाही, पण पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर आपला सूर्य नव्हता.

सणांचंही तेच. विकामध्ये वर्षाचे आठ सण असतात: दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार. अयनदिन आणि विषुवदिन मी ठेवले, ते आकाशाचे आहेत, कुणाच्या बापाचे नाहीत. पण 1 ऑगस्टला पहिल्या पिकाचा पाव भाजायचा सण मी खानापूर तालुक्यात कसा करू? त्या वेळी बायका गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावत असतात. मग मी तो सण सुगीकडे ढकलला. आणि एक इथलाच घेतला, तो मला आठांपेक्षा जास्त आवडतो. आपली कोजागिरी म्हणजे कानडी शेजाऱ्यांची शीगी हुण्णवी. उभ्या पिकातल्या जमिनीला ते गर्भारशीण मानतात आणि तिचे डोहाळे पुरवतात. घरातून होळगी, कडबू, भाकरी, पुंडीपल्ले घेऊन शेतावर जायचं, पूजा करायची आणि त्यातलं थोडं अन्न चारी बाजूंना पिकात टाकत फिरायचं. त्याला चरग म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मैत्रिणीच्या सासूने माझ्या हातात परात दिली आणि म्हणाली, "नुसतं बघत काय उभी राहिलीस, टाक की." मंत्र नाही, पुजारी नाही. वारा समोरून होता, अर्धं अन्न माझ्या साडीवर आलं.

सौंदत्तीलाही मी जाते. यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळला की माणूस आपोआप पिवळा होतो, तो आनंद मला हवा असतो. पण त्याच देवीच्या नावाने पोरी सोडल्या जात होत्या, आणि ते थांबवायला 1982 मध्ये कर्नाटकाला कायदा करावा लागला, हेही मी तिथे उभी असताना विसरत नाही. जी भक्ती कुणाचा तरी बळी मागते ती मला नको.

बरं, तुम्हाला ऐकायचं असतं ते जादूचं. मंत्र टाकतेस का? टाकते. मुलीची परीक्षा असो, नोकरीची मुलाखत असो, साधनं साधी असतात. एक तमालपत्र घ्यायचं, त्यावर काय हवंय ते लिहायचं आणि पणतीवर जाळायचं. परदेशी पुस्तकांतलं बे लीफ वेगळ्या झाडाचं, आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. देठापासून निघालेल्या तीन शिरा पानभर लांब जातात. त्या शिरांवर बॉलपेन घसरतं, त्यामुळे मोठं वाक्य लिहिताच येत नाही. "चांगलं होऊ दे" हेही मावत नाही. नेमकं काय हवंय ते दोन-तीन शब्दांत ठरवावं लागतं, आणि माझ्या मते निम्मी जादू तिथेच होते. पान तडतडतं, धुराला दालचिनीचा वास येतो. मग उठून अभ्यासाला बसायचं.

लोक माझ्याकडे येतात ते मात्र वेगळंच काही मागायला.

आम्हाला दूध घालणारी बाई कडोलीकडची. एके दिवशी रिकामी किटली घेऊन दारात उभी. म्हणाली, "म्हस दूध देईना झालीया अक्का. कोन तरी केलंय बग." उकिरड्यावर हळद-कुंकू लावलेलं लिंबू सापडलं होतं. संशय जावेवर. बांधावरून दोघींचं बोलणं बंद होतं, म्हणजे पुरावा पक्का! तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं: "कोन केलंय तेवढं सांग की. पुढचं आमी बगतो."

पुढचं आमी बगतो. या तीन शब्दांत काय काय मावतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी तिच्याबरोबर गेले. कासेला हात लावला तर एक बाजू दगड आणि गरम. धार काढली तर दुधात गाठी. हा काससुजीचा रोग, जंतूंमुळे होणारा. गोठा ओला राहिला, धार काढणाऱ्या हाताची स्वच्छता राहिली नाही की होतो. पशुवैद्यक आले, इंजेक्शनं दिली. ते लिंबू मी घरी आणलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा फळीसमोर बसवलं आणि विचारलं, भीती कशाची वाटते ते सांग, मी पानावर लिहिते. तिला लिहिता येत नाही. बराच वेळ ती जावेबद्दलच बोलली. मग म्हणाली, "संघाचा हप्ता." म्हैस कर्जावर घेतलेली. आठवड्याचा हप्ता दुधातून जायचा. पानावर मी तेच लिहिलं: हप्ता. ते जळल्यावर आम्ही वही-पेन घेऊन बसलो आणि तीन सडांच्या दुधावर हप्ता कसा बसवता येईल ते बघितलं. चौथं सड आटलं ते आटलंच. जावेशी बोलणं अजून बंद आहे, पण ते बांधावरून, लिंबावरून नव्हे.

"कोणी केलं" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. पैसे दिले तरी नाही, रडलात तरी नाही, आणि पत्ते मांडून, पाण्यात बघूनही नाही. ज्या क्षणी मी एक नाव घेईन त्या क्षणी कुठल्या तरी घरातली एक बाई अॅना गोल्डी होईल. आणि ती बहुतेक वेळा विधवा, एकटी किंवा सासरी नकोशी झालेली असते, सावकार किंवा गावचा पाटील नसतो, हेही बघा. करणीचा संशय नेहमी उताराकडेच वाहतो.

कायदाही हेच सांगतो. बेळगावहून शिनोळीला पोचलं की महाराष्ट्र लागतो. तिथे 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करणं त्यात गुन्ह्यांच्या यादीत आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, आणि वटहुकूम त्यानंतर निघाला. सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात, असा कायदा 2017 मध्ये झाला आणि 2020 मध्ये अमलात आला. सीमेवर आपण भाषेवरून भांडतो, पाट्यांवरून भांडतो. या एका बाबतीत दोन्ही सरकारांचं एकमत आहे. लोकांना वाटतं मी या कायद्यांच्या विरोधात असेन. मी त्यांच्या बाजूने आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले मला त्यांच्या व्यासपीठावर घेणार नाहीत हेही मला समजतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतलं नसतं.

घरी कसं चालतं, हा तुमचा पुढचा प्रश्न. सासूबाई माझ्या फळीकडे बघून नाक मुरडतात, आणि त्याच हाताने नातवाची मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढतात. मिरचीचा ठसका आला नाही की म्हणतात, जबर लागली होती. त्यावर मी काही बोलत नाही. त्यात कुणाचं नाव नसतं, पोराला आजीचा हात तेवढा लागतो.

शेवटी, शिकायचंय म्हणणाऱ्या मुलींसाठी. पत्ते, स्फटिक, काळे कपडे यांवर पैसे घालवू नका. एक दोनशे पानी वही घ्या. रोज चंद्र किती वाजता आणि कुठल्या इमारतीमागून उगवला ते लिहा. तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो, पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवतो, आणि पंचांग न बघता हे अंगात भिनलं की मग पुढच्या गोष्टी बोलू. आईने विचारलं तर खगोलशास्त्र म्हणा. खोटं नाही ते. फक्त बेळगावात ही वही जूनमध्ये सुरू करू नका, सप्टेंबरपर्यंत नुसतं "ढग" लिहीत बसाल. त्रिपुरी पौर्णिमेला सुरुवात करा. नमस्कार.