वाफ घेतली की बरं वाटतंय

निपाणी. पहाटेचे साडेचार. आक्का भिंतीला टेकून बसलीय, हात गुडघ्यावर, शीळ घातल्यागत ओठ पुढं काढून श्वास सोडतेय. सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेली, घरी आली की चुलीचा धूर, स्वतः एक विडी ओढली नाही तरी छातीची वाट लागली. डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार, गल्लीत सगळे दमाच म्हणतात.

नेबुलायझर, औषधाची वाफ करणारं मशीन, चालू झाला की शेजारचे जागे होतात, एवढी घरघर. त्यातून श्वासनळी मोकळी करायचं औषध जातं, ते ठीकच. पण पंप, वाफ सगळं करूनही धाप हटत नसेल तर? अशांसाठी डॉक्टर लोकांना एक आयडिया सुचली, मॉर्फिनच वाफेतून द्यायचं. होय तेच, अफूपासूनचं, ज्याचं नाव ऐकलं की घरचे कॅन्सर म्हणून घाबरतात. हिशोब सरळ होता: मॉर्फिन जिथं जाऊन चिकटतं त्या जागा फुफ्फुसातपण आहेत, थेट तिथंच पोचवलं तर गुंगी नको न् पोट घट्ट व्हायला नको.

पटतं ना? मलापण पटलं होतं. पण 2001 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे औषधांचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं, सगळे अभ्यास एकत्र ठेवून बघितले तर मॉर्फिनची वाफ काय आणि मिठाच्या पाण्याची वाफ काय, फरकच दिसेना. वाफेतलं रक्तात उतरतं फार थोडं, आणि धाप लागल्याचं कळतं ते मेंदूला.

मग गोळी. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियात 48 जणांना रोज 20 मिलिग्रॅमची, सावकाश विरघळणारी मॉर्फिनची गोळी देऊन बघितली, धाप थोडी उतरली, झोपपण बरी लागली, पोट मात्र घट्ट झालं. पुढं 2022 मध्ये सीओपीडीच्या 156 जणांवर बघितलं तर आठवड्याभरात औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. म्हणजे गोळीचंपण भांडण मिटलेलं नाही, आपल्या सीमाप्रश्नागत.

आणि या सगळ्यात एक गंमत. 2010 मध्ये इंग्लंडात 50 जणांच्या हातात छोटा फॅन दिला, पाच मिनिटं तोंडावर, पाच मिनिटं पायावर. तोंडावर धरला तेव्हा धाप जास्त उतरली. गार वारा गालाला, नाकाला लागला की तिथल्या नसा मेंदूला काहीतरी सांगतात म्हणे.

आक्काच्या नातवानं बेळगावात गणपत गल्लीतनं चार्जिंगचा फॅन आणलाय. गुलाबी, लहान पोरांचा. पंप, वाफ चालूच आहे, पण मशीन बंद झालं की ती तो नाकाजवळ धरून बसते.

"लाईट गेली तरी चालतोय बघ ह्यो."