वयात येणारी मुले आणि पालकांच्या स्वतःच्या मर्यादा

(कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात साताऱ्याहून आलेल्या एका शिक्षिका-समुपदेशकांनी केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

माननीय अध्यक्ष, मंडळाचे कार्यकर्ते आणि बंधुभगिनींनो,

साताऱ्यात अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवल्यानंतर मी पालकांशी बोलण्याचे काम करू लागले. माझ्यासमोर बसणारे आईवडील बहुधा मुलाची तक्रार घेऊन येतात. तो उलट बोलतो, ती खोलीचे दार लावून बसते, मोबाइल हातातून सुटत नाही. कॅलिफोर्नियात आल्यापासून याच तक्रारी मी पुन्हा ऐकते आहे, फक्त मधूनमधून इंग्रजीत. आज मात्र मला मुलांपेक्षा आपल्याविषयी बोलायचे आहे, कारण मुलांना काय करू द्यावे याची चर्चा आपल्या घरांत रोज होते, पण आई काय करणार नाही आणि वडील काय ऐकून घेणार नाहीत, हे शांतपणे बसून क्वचितच ठरवले जाते.

‘रात्री दहानंतर मोबाइल नाही’ हा मुलासाठी केलेला नियम आहे. तो पाळणे मुलाच्या हातात असते, आणि तो मोडला की आपण दारापर्यंत जाऊन आवाज चढवतो. ‘रात्री दहानंतर मी उद्याच्या प्रकल्पाचे सामान आणायला दुकानात जाणार नाही’ ही माझी मर्यादा आहे. ती पाळणे सर्वस्वी माझ्या हाती असल्याने तिच्यासाठी भांडावे लागत नाही. एकदा प्रकल्प अपुरा राहतो, शाळेत दोन शब्द ऐकावे लागतात आणि पुढच्या वेळी सामानाची आठवण संध्याकाळी पाचलाच होते. उलट बोलण्याचेही तसेच आहे. ‘माझ्याशी असे बोलायचे नाही’ असे बजावून पुढे अर्धा तास त्याच सुरात वाद घालण्यापेक्षा, ‘हा सूर राहिला तर मी आत जाते, जेवणानंतर बोलू’ असे सांगून खरोखर आत जावे, आणि जेवणानंतर खरोखर बोलावे.

यातला दुसरा अर्धा भाग अनेकांकडून सुटतो. आत जाऊन चार दिवस अबोला धरणे ही मर्यादा नसून शिक्षा आहे, आणि आपल्या घरांत ती फार सराईतपणे दिली जाते. मानसशास्त्रज्ञ ब्रायन बार्बर यांनी 1996 साली मुलाच्या वागण्यावरचे नियंत्रण आणि त्याच्या मनावरचे नियंत्रण यांत स्पष्ट फरक केला. झोपेची, अभ्यासाची, घरी परतण्याची वेळ ठरवणे हा पहिला प्रकार. माया आखडती घेणे, अपराधी वाटायला लावणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकाराचा मुलांच्या नैराश्याशी असलेला संबंध पुढच्या अनेक अभ्यासांत आढळला आहे. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले’ हे वाक्य साताऱ्यातही ऐकू येते. इथे त्याला ‘तुझ्यासाठी देश सोडला’ अशी जोड मिळते. (या सभागृहातल्या बहुतेकांनी देश सोडला तेव्हा ही मुले जन्मालाही आली नव्हती, हे मी आदरपूर्वक नमूद करते.) हे वाक्य वारंवार ओठांवर येत असेल, तर पालक कुठेतरी झेपेल त्यापेक्षा जास्त करत आहेत, असे मी धरून चालते. वेळेवर न दिलेला नकार पुढे उपकारांच्या यादीच्या रूपाने बाहेर पडतो.

सातारा जिल्ह्यातल्यांना कर्मवीर भाऊराव पाटील यांची ओळख करून देण्याची गरज नाही. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि आपली कामे आपणच करत. त्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. आपल्या भाषणांत ही दुसरी गोष्ट आवर्जून सांगितली जाते आणि पहिली राहून जाते. लक्ष्मीबाईंचा त्याग उपाशी राहिली असती अशा मुलांसाठी होता; भरल्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाचे ताट उचलताना आईने त्या त्यागाचा आधार घेऊ नये. जावळी किंवा पाटण तालुक्यातून पहाटेच्या एसटीने साताऱ्याला कॉलेजला येणारी मुलगी स्वतःचा डबा स्वतः भरते. तिच्या कष्टांचे मला कौतुक करायचे नाही, कारण तिला दुसरा पर्यायच नसतो. पण त्या वयाला काय जमू शकते, हे तिच्याकडे पाहून कळते.

आणखी एक फरक आहे. गावाकडच्या भरल्या घरात आईने नाही म्हटले तरी आजी किंवा काकू असते. मूल रुसून त्यांच्याकडे जाते, दोन घास खाते आणि आईला तासभर उसंत मिळते. इथे सारा भार दोघांवर, आणि दोघांपैकी एक दौऱ्यावर असेल तर एकट्यावर येतो. म्हणून आईचा योगवर्ग, वडिलांचे शनिवारचे क्रिकेट, दोघांनी मिळून बाहेर जाणे, या गोष्टी मुलांच्या वेळापत्रकातून उरल्या तर करायच्या असे ठरवलेत, तर त्या कधीच होणार नाहीत. त्या वेळा आधी लिहून ठेवाव्यात आणि त्या वेळी कोणालाही गाडीने सोडायला जाऊ नये.

गाडीचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या राज्याचा कायदा मला आवडला. सोळाव्या वर्षी तात्पुरता परवाना मिळाला, तरी अठराच्या आतील चालकाला पहिले बारा महिने रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत एकट्याने गाडी चालवता येत नाही, आणि सोबत जाणता परवानाधारक नसेल तर वीस वर्षांखालील प्रवासी बसवता येत नाहीत. काही अपवाद कायद्यातच आहेत. मोकळीक टप्प्याटप्प्याने मिळते आणि पुढचा टप्पा केव्हा येणार हे आधीच माहीत असते. पैसे, मोबाइल आणि मित्रांकडचा मुक्काम याबाबत घरात असे टप्पे ठरवले, तर रोजची घासाघीस बरीच कमी होते.

मुलांच्या बाजूच्या मर्यादेविषयी एकच गोष्ट थोडी विस्ताराने सांगते. मुलाचा मोबाइल चोरून तपासावा का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी 2000 साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांना मुलांविषयी जे कळते ते मुख्यत्वे मुले आपणहून सांगतात म्हणून कळते, पाळत ठेवल्याने नव्हे, असे त्यात दिसले. म्हणजे आपण जपायचे ते मुलांचे सांगणे, आणि आपल्याकडे ते बहुधा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर बंद पडते. मुलीने आईला विश्वासाने सांगितलेली गोष्ट रविवारच्या व्हिडिओ कॉलवर शाहूपुरीतली आत्या विचारते, आणि त्या दिवसापासून मुलगी काही सांगत नाही. मुलांचे गुण, वजन, मुरुमे आणि मैत्री यांविषयी सासर-माहेरच्या मंडळींना किती सांगायचे, हे त्यांना विचारून ठरवावे. आजी-आजोबांना वाईट वाटेल, पण ते समजून घेतात. माझा अनुभव तरी तसा आहे.

झोपेबाबत थोडक्यात सांगते. तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तासांची झोप लागते आणि या वयात झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे उशिरा जागणे हा निव्वळ हट्ट नसतो. तुमच्याकडे 2022पासून बहुतेक हायस्कुले सकाळी 8:30च्या आधी भरत नाहीत, ही चांगली सोय आहे. मात्र मूल जागे आहे म्हणून आईने जागण्याचे कारण नाही.

या सर्व मर्यादा जिथे लागू होत नाहीत ती जागाही मुलांना आधीच सांगून ठेवावी. दारू प्यायलेल्या मित्राच्या गाडीत बसण्याची वेळ आली, तर कोणत्याही वेळी फोन करावा. आणायला गेल्यावर त्या रात्री प्रश्न विचारू नयेत, ते दुसऱ्या दिवशी विचारावेत. जगणे नकोसे झाल्याचे मूल बोलले, तर ते नाटक आहे की खरे याचा निवाडा घरात करत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, त्याला काय वाटते आहे ते थेट विचारावे आणि मदत मागावी. अमेरिकेत 988 या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. भारतात 2022 साली सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक 14416 आहे आणि तिथे मराठीत बोलता येते; तुमच्या गावाकडच्या भाचरांच्या आईवडिलांनाही तो कळवून ठेवा.