चार ऑक्टोबरनंतर थेट पंधरा ऑक्टोबर

बालमित्रांनो, दिनविशेषांच्या कोणत्याही संग्रहात आजच्या तारखेचे, म्हणजे ४ ऑक्टोबरचे पान उघडले, तर एका ओळीत एखादी घटना, दुसरीत कोणाचा तरी जन्म आणि तिसरीत कोणाचा तरी मृत्यू अशी यादी दिसते. या साऱ्या गोष्टी एकाच तारखेला घडल्या म्हणजे त्यांचे आपापसांत काही नाते असणारच, असे आपल्याला वाटू लागते. बहुतेक वेळा तसे काही नसते. मात्र या पानावरच्या काही नोंदी अशा आहेत, की त्या वाचताना तारीख कोणी ठरवली आणि कोणत्या घड्याळावरून ठरवली, हे विचारावेसे वाटते. म्हणून आज सगळी जंत्री वाचून न दाखवता मोजक्या नोंदींपाशी आपण थांबणार आहोत.

पहिली नोंद १५८२ सालची आहे. त्या वर्षी स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतील बहुतेक राज्ये येथे लोक गुरुवारी, ४ ऑक्टोबरला रात्री झोपले आणि सकाळी उठले तेव्हा शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला होता. ५ ते १४ या दहा तारखा तिथे त्या वर्षी आल्याच नाहीत. वारांचा क्रम मात्र मोडला नाही, कारण दिवस कोणी गिळला नव्हता, फक्त त्याच्यावरची संख्या बदलली होती. स्पेनमधील आविला येथील संत तेरेसा यांचे निधन नेमके याच रात्री झाले. त्यांच्या निधनाची तारीख सांगताना ४ आणि १५ ऑक्टोबर यांच्या मधली रात्र असे म्हणावे लागते, आणि ते अक्षरशः खरे आहे.

हे करावे का लागले, ते पाहू. ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेल्या कालगणनेत वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे धरले जाई, म्हणून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवीत. प्रत्यक्षात ऋतुचक्र याहून सुमारे ११ मिनिटे आधीच पूर्ण होते. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाहीत, असे तुम्ही म्हणाल. पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. इसवी सन ३२५च्या सुमारास दिवस आणि रात्र समान होण्याचा वसंतातील दिवस २१ मार्चला येत असे, तो सोळाव्या शतकापर्यंत सरकत ११ मार्चपर्यंत आला. ईस्टरचा सण त्याच दिवसावरून ठरत असल्याने चर्चला हा घोळ मिटवणे भागच होते. लुइजी लिलिओ या वैद्याने त्यावर योजना आखली, क्रिस्टोफर क्लाव्हियस या गणितज्ञाने ती तपासून पुढे मांडली आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी ती लागू केली. मागे पडलेले दहा दिवस एकदाच वगळायचे, आणि पुढे शतकी वर्षाला ४०० ने पूर्ण भाग जात असेल तरच ते लीप वर्ष मानायचे, अशी ही योजना होती. म्हणून २००० साली २९ फेब्रुवारी आला, पण २१०० साली तो येणार नाही. २९ फेब्रुवारी २०९६ रोजी जन्मलेल्या बाळाला आपली तारीख पुन्हा दिसायला थेट २१०४ साल उजाडावे लागेल.

ही दुरुस्ती सर्व देशांनी एकदम स्वीकारली नाही. ब्रिटनने ती १७५२ साली स्वीकारली, रशियाने तर १९१८ साली. त्यामुळे वाढदिवसांच्या यादीत मोठी गंमत होते. विताली गिंझबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाचा जन्म मॉस्कोमध्ये १९१६ साली ४ ऑक्टोबरला झाला, असे आज आपण लिहितो. परंतु त्या दिवशी मॉस्कोतल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर २१ सप्टेंबर हीच तारीख होती. मोठेपणी, २००३ साली, त्यांना अतिवाहकतेसंबंधीच्या, म्हणजे अतिशय थंड केलेल्या काही पदार्थांतून वीज जराही अडथळा न येता वाहते त्यासंबंधीच्या, संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूटनच्या बाबतीतही हेच झाले. इंग्लंडच्या तेव्हाच्या हिशेबाने त्याचा जन्म २५ डिसेंबर १६४२चा, तर आजच्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३चा. म्हणजे तारखेबरोबर सालही बदलले. दिनविशेषांच्या पुस्तकांत या दोन्ही तारखा आढळतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आजच्या इतर वाढदिवसांपैकी श्यामजी कृष्ण वर्मा यांचा उल्लेख करायलाच हवा. कच्छमधील मांडवी येथे १८५७ साली, उत्तर भारतात उठावाची धग अजून विझलेली नसताना, त्यांचा जन्म झाला. संस्कृतचे हे विद्वान पुढे लंडनला गेले आणि १९०५ साली त्यांनी तेथे इंडिया हाउस सुरू केले. भारतीय विद्यार्थ्यांच्या निवासाची ही जागा बघता बघता क्रांतिकारकांचे केंद्र बनली. सावरकर तिथेच राहत होते. १८९५ साली जन्मलेला मूकपटांचा विनोदी नट बस्टर कीटन हाही आजचाच. घराची अख्खी भिंत अंगावर कोसळते आणि नेमक्या उघड्या खिडकीच्या जागेत उभा असल्यामुळे हा गृहस्थ निर्विकार चेहऱ्याने वाचतो, असा त्याचा एक प्रसंग आहे, आणि ती भिंत खरोखर पाडलेली होती.

आता या पानावरची सर्वांत गाजलेली नोंद. सोव्हिएत संघाने १९५७ साली स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा, चकचकीत धातूचा एक गोळा आणि त्याला मागे झुकलेल्या चार लांब अँटेना, एवढाच त्याचा थाट होता. तो दर ९६ मिनिटांनी पृथ्वीभोवती एक फेरी मारी आणि रेडिओवरून एकसारखा ‘बीप बीप’ असा आवाज पाठवी. साधा रेडिओसंच बाळगणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींना तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकता आला. माझ्या मते त्याचा दरारा वाढला तो यामुळेच, कारण बातमीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्नच उरला नाही. तीन आठवड्यांनी बॅटरी संपली आणि आवाज थांबला. पुढे ४ जानेवारी १९५८ रोजी उपग्रह वातावरणात शिरून जळून गेला.

आता तारखेकडे नीट पाहा. उड्डाण झाले तेव्हा मॉस्कोत रात्रीचे १० वाजून २८ मिनिटे झाली होती, म्हणून तारीख ४ ऑक्टोबर. परंतु अग्निबाण जिथून सुटला, त्या कझाकस्तानातील तळावर मध्यरात्र उलटून गेली होती. भारतातही घड्याळात एक वाजायला दोन मिनिटे उरली होती. म्हणजे स्थानिक वेळेने हिशेब केला, तर ही नोंद ५ ऑक्टोबरच्या पानावर जायला हवी होती. ज्या देशाने उपग्रह सोडला त्याच्या राजधानीची आणि जागतिक प्रमाणवेळेचीही तारीख एकच निघाल्यामुळे जगाने ४ ऑक्टोबर मान्य केली.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९५९ साली, याच तारखेला लुना-३ हे यान निघाले. चंद्र स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती सारख्याच वेळात फिरतो, त्यामुळे त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. पलीकडची बाजू तोवर कोणीही पाहिलेली नव्हती. या यानाने ७ ऑक्टोबरला तिची २९ छायाचित्रे घेतली. तेव्हाच्या कॅमेऱ्यात फिल्म असे, आणि ती रसायनांत धुऊन वाळवावी लागे. ते सारे काम यानाच्या पोटात यंत्रानेच उरकले, मग त्या फिल्मवरून प्रकाशाचा ठिपका फिरवून चित्राचे संदेश रेडिओने पृथ्वीकडे पाठवले. चित्रे अंधुक होती, पण त्यांत चंद्राच्या पाठीचा सुमारे ७० टक्के भाग आला होता.

पुढे २००४ साली ४ ऑक्टोबरलाच ब्रायन बिनी या वैमानिकाने स्पेसशिपवन हे खासगी यान सुमारे ११२ किलोमीटर उंचीवर नेले. दोन आठवड्यांच्या आत दोनदा अवकाशाची सीमा ओलांडण्याची अट पुरी झाल्याने त्या चमूला १ कोटी डॉलरचे पारितोषिक मिळाले.

एका तारखेच्या पानावर इतकी अवकाशयाने गोळा झाली, तरी हा सगळा योगायोग मानायचे कारण नाही, कारण वर्धापनदिन साधून काही करण्याची माणसाला हौस असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९९ साली जागतिक अवकाश सप्ताह ठरवला, तो तर उघडपणे स्पुटनिकच्या तारखेला सुरू होतो. तो १० ऑक्टोबरला संपतो, यालाही कारण आहे: १९६७ साली त्या दिवशी बाह्य अवकाश करार अमलात आला, आणि त्या करारानुसार चंद्रावर किंवा कोणत्याही ग्रहावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही.