खाऱ्या हवेतील बंदूक : नाव, घडण आणि भरवसा

(राजापूर येथे शेतीसंरक्षणाचे परवानाधारक आणि नेमबाजीची आवड असलेले श्रोते यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

श्रोतेहो,

बंदुकीची आवड असलेली चार माणसे एकत्र बसली की बोलणे लवकरच कंपन्यांवर येते. कोणाला बर्मिंगहॅमची जुनी दुनळी सर्वश्रेष्ठ वाटते, कोणी बेल्जियमच्या लिएजची बाजू घेतो, कोणी ईशापूरच्या .३१५ रायफलीची मजबुती सांगतो, तर कोणी मुंगेरच्या कारागिरांचा हात किती साफ होता याची आठवण काढतो. ही चर्चा मला मनापासून आवडते, कारण तिच्यामागे चांगल्या घडणीबद्दलचा आदर असतो. मात्र तिच्यात एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ही बंदूक भरवशाची आहे असे आपण म्हणतो, ती कोणत्या हवेत, कोणत्या काडतुसाने आणि कोणाच्या हाती? डेहराडूनला पन्नास वर्षे निर्दोष चाललेली बंदूक आपल्या किनाऱ्यावर तीन पावसाळ्यांत निकामी होऊ शकते, आणि त्यात बनवणाऱ्याचा काहीही दोष नसू शकतो.

आपली हवा आधी नीट ध्यानात घेऊ. कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचे गंजणे झपाट्याने वाढते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती कितीतरी दिवस ८० टक्क्यांखाली येतच नाही. त्यात समुद्राकडून येणारे मीठ हवेतले पाणी ओढून पोलादावर धरून ठेवते. नळीवरचा काळानिळा मुलामा, ज्याला आपण ब्लुइंग म्हणतो, हा मुळात पोलादाचाच अतिशय पातळ ऑक्साइड आहे. तो दिसायला सुंदर असतो, पण तेलाशिवाय त्याचा बचाव फारच तोकडा पडतो. अमेरिकेतील मॉसबर्ग कंपनीने आपल्या पंप बंदुकीचा (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) मरिनर नावाचा वेगळा प्रकार खास खाऱ्या पाण्यासाठी काढला आणि तिच्यावर गंजाला दाद न देणारा चंदेरी मुलामा चढवला, यावरून उत्पादकांनाही हा प्रश्न किती खरा वाटतो ते दिसते.

दमट हवा एखाद्या नामवंत शस्त्राचे काय करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हिएतनाममधील एम-१६ रायफलीचे आहे. त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण त्या प्रकरणात आपल्या कामाचे जवळजवळ सगळे धडे आहेत. युजीन स्टोनर यांच्या आराखड्यावर कोल्ट कंपनीने बनवलेली ही रायफल हलकी आणि अचूक होती. १९६५ नंतर ती मोठ्या संख्येने व्हिएतनामच्या जंगलात गेली आणि ऐन चकमकीत अडकू लागली. झाडलेल्या काडतुसाचे पितळी टरफल चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतच, घट्ट बसून राही आणि सैनिकाला तोंडाकडून गज घालून ते ठोकून काढावे लागे. चौकशीत कारणांची साखळी पुढे आली. मूळ चाचण्या ज्या दारूवर झाल्या होत्या ती बदलून दुसऱ्या जातीची दारू काडतुसात भरली गेली होती. तिच्यामुळे रायफलीचा एकामागोमाग गोळ्या झाडण्याचा वेग वाढला आणि काजळी अधिक साचू लागली. चेंबरला क्रोमचा थर दिलेला नव्हता, त्यामुळे दमट हवेत तेथे गंजाचे बारीक खड्डे पडत. बार झाला की मऊ पितळ दाबाने फुगून त्या खड्ड्यांत शिरे आणि तेथेच धरून बसे. त्यातच ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता आणि साफसफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड समितीने या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. पुढे चेंबरला क्रोम मिळाला, आतल्या सरकत्या भागाचा धक्का झेलणारा बफर बदलला, साफसफाईचे साहित्य आणि सूचना सैनिकांच्या हाती आल्या, आणि त्याच आराखड्याची रायफल पुढची कित्येक दशके त्या सैन्याने वापरली.

रायफल तीच, आराखडा तोच, कंपनीही तीच. बदलली ती दारू, चेंबरवरचा थर आणि निगा. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली’ एवढ्या वाक्यावर मी थांबू शकत नाही. हवामानाचा हिशेब उलट बाजूनेही चुकतो. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या इन्सास रायफलीची प्लास्टिकची मॅगझिने कडाक्याच्या थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. कोकणात तेच मॅगझिन कदाचित कधीच तडकले नसते.

भरवसा मोजायचा कसा, याची जुनी आणि सरळ रीत म्हणजे पुष्कळ बार काढून किती वेळा अडते ते मोजणे. मार्च १९११ मध्ये जॉन ब्राउनिंग यांच्या .४५ पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि एकदाही ते अडले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले. आपल्यापैकी बहुतेकांच्या बंदुकीतून आयुष्यभरातही इतके बार निघत नाहीत. वानर हाकलण्यासाठी काढलेले वर्षाचे मोजके बार जमेस धरून ‘माझी बंदूक कधी दगा देत नाही’ असे म्हणणे प्रामाणिक असते, पण त्यातून कंपनीबद्दलचा निष्कर्ष काढता येत नाही.

आता नावांकडे येतो. इटलीतील बेरेटा घराण्याकडे १५२६ सालची नोंद आहे. व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्याची ती पावती आहे. लंडनची पर्डी १८१४ ची, हॉलंड अँड हॉलंड १८३५ ची. इतकी वर्षे टिकणे ही सामान्य गोष्ट नाही आणि त्या नावांमागचा अभिमान योग्यच आहे. परंतु नाव आणि कारखाना यांची ताटातूट होऊ शकते. वेब्ली अँड स्कॉट हे नाव १८९७ मध्ये बर्मिंगहॅमी पेढ्या एकत्र येऊन झाले, १९७९ मध्ये त्या कंपनीने बंदुका बनवणे थांबवले, आणि अलीकडे त्याच नावाची रिव्हॉल्व्हरे उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे तयार होऊ लागली. रेमिंग्टनची ८७० ही पंप बंदूक १९५० मध्ये आली आणि एक कोटीहून अधिक विकली गेली. तीच कंपनी २०१८ आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचे विभाग वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेले. आपल्याकडेही २०२१ च्या १ ऑक्टोबरला सरकारी शस्त्रकारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या आल्या; कानपूर, ईशापूर आणि तिरुचिरापल्लीची शस्त्रे आता ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट या कंपनीखाली, तर १८६९ पासून चालू असलेला खडकीचा दारूगोळा कारखाना म्युनिशन्स इंडियाखाली येतो. म्हणून कोणत्याही नावाची तुलना करताना साल सांगितल्याशिवाय बोलू नये. सत्तर सालची बंदूक आणि आजची बंदूक यांवर अक्षरे तीच असली, तरी हात, पोलाद आणि तपासनीस निराळे असतात.

.३१५ ची मजबुतीही अशीच समजून घ्यावी. इंग्रजी अमलात सैन्याची .३०३ ची काडतुसे नागरिकांना वर्ज्य होती, म्हणून वेगळ्या मापाचे काडतूस आणि त्यासाठी ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फील्ड रायफलीच्याच ठेवणीची रायफल पुढे आली. तिची ओबडधोबड बळकटी रणांगणावर सिद्ध झालेल्या यंत्रणेतून आलेली आहे. तिच्या लाकडाचा गुळगुळीतपणा विलायती शिकारी रायफलीइतका नसेल. मला तो दोष मोठा वाटत नाही.

उत्पादकाच्या शब्दापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो तो प्रूफचा शिक्का. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून नळी आणि कुलूप (नळी मागून बंद धरून ठेवणारी यंत्रणा) टिकतात की नाही हे त्रयस्थाने पाहणे. लंडनमध्ये सतराव्या शतकापासून, बर्मिंगहॅममध्ये १८१३ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या प्रूफगृहात, आणि लिएजमध्येही हे काम होत आले आहे. जुन्या दुनळीच्या नळ्या उतरवून त्यांच्या खालच्या बाजूस भिंगाने पाहिले तर हे शिक्के दिसतात, आणि नळी केवळ जुन्या काळ्या दारूसाठी तपासली होती की आजच्या, अधिक दाबाच्या नायट्रो दारूसाठी, हेही त्यांवरून कळते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नक्षीदार दमास्कस नळ्या काही घरांतून अजून आहेत. त्या पाहून डोळे निवतात, परंतु नायट्रोचा शिक्का नसेल तर आजचे काडतूस त्यांत घालू नये. विनापरवाना गावठी बंदुकीला तर कोणतीच चाचणी नसते. ती बाळगणे गुन्हा आहेच, शिवाय तिचा पहिला धोका ती धरणाऱ्यालाच असतो.

आपल्याकडच्या बहुतेक दुनळ्या वडिलोपार्जित किंवा हात बदललेल्या आहेत, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळपास बंदच आहे. म्हणून आपली खरी तुलना समोर ठेवलेल्या एकेका नगाची असते. बंदूक प्रथम उघडून रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहावे. बंद करून पुढचे लाकूड काढावे आणि नळ्या हलवून पाहाव्यात. बिजागरीशी जराही खडखड जाणवली तर कुलूप झिजलेले आहे. नळीतून उजेडाकडे पाहताना सावलीचे वर्तुळ तुटले किंवा वाकले तर तेथे पोचा किंवा फुगवटा आहे. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्स कंपनीच्या ॲन्सन आणि डीली यांनी काढलेली बॉक्सलॉक रचना, जिच्यात घोड्याची यंत्रणा मधल्या पेटीतच बसते, कमी भागांची आहे. मला ती आपल्या हवेसाठी बाजूच्या पट्ट्यांवर यंत्रणा बसवलेल्या नक्षीदार साइडलॉकपेक्षा अधिक सोयीची वाटते, कारण सांधे कमी म्हणजे पाणी शिरायला जागा कमी. मात्र तिचा सेफ्टीचा खटका बहुतेक बंदुकांत केवळ चाप अडवतो, आतला घोडा अडवत नाही. म्हणून गडगा ओलांडताना किंवा व्हाळात उतरताना सेफ्टीवर विसंबू नये, काडतुसे बाहेर काढावीत.

काडतुसाचा विषय लोक फार घाईने उरकतात. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या ज्या बारा सारख्या गोळ्या होतील, त्यांतील एकीच्या व्यासाची नळी. पण चेंबरची लांबी सर्वत्र सारखी नसते. जुन्या विलायती बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असते, आजची काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी तोंड उघडल्यानंतरची मोजतात, त्यामुळे लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये सहज बसते आणि झाडल्यावर त्याचे तोंड पुरते उघडायला जागा न उरल्याने दाब वाढतो. पावसाळ्यात कागदी काडतूस ओलाव्याने फुगते आणि चेंबरमध्ये जात नाही किंवा निघत नाही. तेव्हा दोष बंदुकीच्या माथी मारला जातो. नेमबाजीचे खेळाडू याबाबत आपल्यापेक्षा कितीतरी दक्ष असतात. .२२ रायफलीचे अव्वल नेमबाज एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे एकेका वेळी बनलेल्या खेपा, आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट गोळ्या सर्वांत जवळजवळ पाडतो तोच साठवतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने नेमबाजी) कांस्यपदक मिळवले. त्या पातळीवर पदक आणि चौथा क्रमांक यांतील अंतर इतके थोडे असते की कंपनीचे नाव पुरत नाही, लॉटचा क्रमांक पाहावा लागतो.

राहिली ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख केला आहे आणि आपल्या गावांतून राखणीला आजही ती निघते. तिच्याबाबत कंपनीची चर्चा जवळजवळ निरर्थक आहे, कारण तिचे काडतूस प्रत्येक वेळी आपणच बनवतो. दारू पेटवणारी केप फुटली आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान दोन मिनिटे थांबावे. ओलसर दारू उशिरा पेट घेऊ शकते. गजावर रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची दुसरी खूण कोरून ठेवावी, म्हणजे अंधारात एकावर एक ठासणी होत नाही. काळ्या दारूची राख हवेतील पाणी शोषते आणि ती नुसत्या तेलाने विरघळत नाही. नळी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, मगच खनिज तेलाचा हात द्यावा. खोबरेल वापरण्याची आपली सवय सोडावी. काही महिन्यांत ते चिकटते आणि घोडा जड होतो.

खनिज तेल लावण्याचे हे काम निवडणुकीच्या आधी विसरू नये. आचारसंहितेच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि त्या आठवडेच्या आठवडे एकमेकींना टेकून उभ्या राहतात. जमा करण्यापूर्वी नळी आतून-बाहेरून तेलाने पुसावी, चामड्याच्या किंवा कापडी गवसणीत ती देऊ नये, कारण गवसणी ओल धरते, आणि पोच घेताना बंदुकीचा क्रमांक व तिची स्थिती दोन्ही लिहून घ्यावीत. परत मिळाल्यावर पहिला बार काढण्याआधी नळीतून पुन्हा एकदा उजेडाकडे पाहावे.