खोक्यावरचं माप

(दृश्य: मायक्रोमीटरच्या जबड्यात पिस्टन. मागे लेथचा आवाज.)

इंजिन दुरुस्तीच्या गाळ्यात नवा पिस्टन आलाय. खोक्यावर छापलंय, प्लस पन्नास. म्हणजे मूळ मापापेक्षा पन्नास शतांश, अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन. झिजलेलं सिलिंडर आतून कापून मोठं केलं, म्हणजे बोअर केलं, की आतला पिस्टनही मोठाच लागतो. खोकं नवं, त्यावरचा होलोग्राम नवा, आत तेलकट कागदात गुंडाळलेला चकचकीत माल. मिस्त्री आधी गजन पिनची, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनची, भोकं कुठल्या बाजूला आहेत ते बघतात. पिनला काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाच्या, खालच्या अंगाला मायक्रोमीटर लावतात, आकडा खडूने टेबलावर लिहितात. मग पिस्टन फिरवून पिनच्या दिशेने माप घेतात. आकडा तोच.

आपल्याला वाटेल, बरंच झालं की, गोल वस्तू गोल निघाली. पण चांगला पिस्टन गोल नसतोच. तो मुद्दाम किंचित लंबगोल केलेला असतो आणि वर निमुळता. पिनभोवती धातूचा जाड भराव असतो, तापला की त्या दिशेने तो जास्त पसरतो. डोकं तर थेट जाळाला तोंड देतं, म्हणून ते स्कर्टपेक्षा जास्त फुगतं. हे सगळं फुगणं आधीच धरून थंड पिस्टनचं माप ठरवावं लागतं. थंड असतानाच गोल असलेला हा पिस्टन दुकानात बोअरमध्ये, सिलिंडरच्या पोकळीत, मस्त सरकेल. गाडी गॅरेजमधून निघेल, घोडबंदर रोडला लागेल, आणि गायमुखच्या चढावर पिनच्या दोन्ही अंगांनी सिलिंडरला धरेल.

(दृश्य: वागळे इस्टेट. काचेच्या इमारती, त्यामागे पत्र्याचे गाळे.)

हे ठाण्याचं वागळे इस्टेट. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची स्थापना झाली ती इथेच. आता रस्त्यालगत काचेची ऑफिसं आहेत, दुपारी आयडी कार्ड गळ्यात घातलेली पोरं चहाला उतरतात. आतल्या गल्ल्यांमध्ये मात्र लेथ, बोरिंग मशीन आणि सरफेस ग्राइंडरचे गाळे अजून टिकून आहेत. टेम्पोची इंजिनं येतात, जनरेटरची येतात. आज टेबलावर आहे ते जुन्या बुलेट ३५०चं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव ९०, एकूण ३४६ सीसी. सिलिंडर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं.

मद्रासेत १९५५ पासून ही गाडी बनू लागली. बिडाच्या सिलिंडरचं इंजिन २०१० च्या सुमारास थांबलं. इंजिन बनायचं थांबलं, गाड्या कुठे थांबल्या? त्यांना लागणारा माल मग दिल्लीच्या कश्मिरी गेटहून, करोल बागेतून, आपल्या ऑपेरा हाउसकडच्या दुकानांतून येतो.

सगळा लोकल माल वाईट असतो, असं म्हणणारे बहुधा ओरिजिनल विकणारे असतात. उत्तम पिस्टन आणि त्यावर चढणाऱ्या रिंगा बनवणारे कारखाने स्वतःच्या नावानेही माल विकतात, आणि तो बिनघोर बसतो. घोळ होतो तो नक्कल करणाऱ्यांकडे. ड्रॉइंग हाताशी नसतं, म्हणून कुठल्यातरी चाललेल्या गाडीतला जुना तुकडा आणायचा, मोजायचा आणि तसाच बनवायचा. जुन्या तुकड्याची झीजसुद्धा मग नव्या मालात उतरते. पुढचा कारखाना त्या नकलेची नक्कल करतो.

(दृश्य: सिलिंडर आणि पिस्टन शेजारी शेजारी, टेबलावर.)

दुसरा पिस्टन दुसऱ्या कंपनीचा आला. हा लंबगोल आहे, वर निमुळताही आहे. तरी लगेच बोअर करत नाहीत. पिस्टन आणि सिलिंडर रात्रभर शेजारी ठेवतात. कारण साधं आहे. मोजमापाचं जगभरचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. इथे मे महिन्यात पत्र्याखाली पस्तीसच्या वर. त्या फरकात ७० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे एक शतांश मिलिमीटर जास्त वाढतो. मधली जागाच जेमतेम सात-आठ शतांश ठेवायची असते, तिथे एक शतांश थोडा नाही. आणि नुकता हातात धरून बसलेला पिस्टन तर खोटंच सांगणार. रात्रीत दोघांचं तापमान एक झालं, तरच दोघांची मापं ताडून बघण्यात अर्थ.

सकाळी बोअर होतो तो पिस्टनच्या मोजलेल्या मापावरून. खोक्यावरच्या प्लस पन्नासवर विसंबून आधीच बोअर मारून ठेवणारेही आहेत. त्यांच्याकडे मागाहून आलेला पिस्टन सैल निघाला, तर पुढच्या ओव्हरसाइझशिवाय गत्यंतर नसतं. बिडाचं सिलिंडर एकदा कापलं की कापलं.

(दृश्य: सिलिंडरखाली पेटता बल्ब. आत एकच रिंग.)

हा प्रकार बघण्यासारखा आहे. रिंग बोअरमध्ये टाकायची, पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकलायची, खालून बल्ब लावायचा. चांगली रिंग असेल तर फक्त तोंडाच्या फटीतून उजेड दिसतो. इथे पहिल्या रिंगेच्या डाव्या बाजूला बारीक चंद्रकोर उगवली आहे. तिथे रिंग भिंतीला टेकतच नाही. बाद. दुसरी गोल आहे, पण तिची फट फार कमी. जुना ठोकताळा असा की बोअरच्या दर इंचामागे चार थाउ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. ७० मिलिमीटरला ते अकरा थाउ झाले, म्हणजे साधारण ०.२८ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचं फिलर गेजचं, फट मोजायच्या पट्टीचं, पान आत जात नाही. तापल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतील आणि रिंग तुटेल. पण हे दुखणं बरं करता येतं. बारीक कानस घ्यायची, बाहेरून आत एकाच दिशेने ओढायची, पुन्हा लावून बघायची. फट जास्त असती, तर कुणाच्या बापाला कमी करता आली नसती.

व्हॉल्व्ह गाइडची, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीची, गोष्ट जास्त वाईट, कारण ती बाहेरून कळत नाही. गाइडचा बाहेरचा व्यास मोजला, बरोबर. आत व्हॉल्व्ह घालून पाहिला, बरोबर. मिस्त्रींनी गाइडच्या भोकात मँड्रेल, म्हणजे अचूक गोल दांडी, बसवून ते लेथवर हळूहळू फिरवलं आणि बाहेरून डायल लावला. सुई झोके घेऊ लागली. भोक मध्यावर नाही. असं गाइड हेडमध्ये ठोकलं, तर सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कड, कापायच्या कटरला मध्यावर धरणारा पायलट त्याच वाकड्या भोकात बसणार, आणि सीट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नावापुरती राहणार. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवाटेच हेडला देतो. सीट पुरती टेकली नाही, की तो जळतो. बरं, गाइड काढून दुसरं घालू म्हणावं, तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधलं घर प्रत्येक काढघालीत सैल होत जातं. म्हणून हा तपास गाइड हातात असतानाच करायचा.

बाकीचं भराभर. ऑइलच्या भोकांच्या कडांवरची बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धारदार कूस, काढायची. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर झुलतात त्या शाफ्टच्या न घासणाऱ्या टोकावर कानस फिरवून बघायची. घसरली तर कडक, चावली तर नरम माल. होनिंग, म्हणजे बोअरची भिंत दगडाने घासणं, झाल्यावर सिलिंडर नुसतं डिझेलने धुऊन भागत नाही, गरम पाणी आणि साबण लागतो. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत.

ती वाकड्या भोकाची गाइडं दुकानदाराने हुज्जत न घालता परत घेतली. घेतली आणि त्याच पुडीत घालून फळीवर ठेवली. इथल्या मिस्त्रींनी नवी गाइडं फॉस्फर ब्राँझच्या सळीतून लेथवर काढली.

(दृश्य: बिलाचं पुस्तक.)

लेथवाल्याला बोरिंगचे पैसे मिळतात, फिटरला फिटिंगचे. मोजायचे पैसे द्यायची पद्धत नाही, त्यामुळे मोजायची सवयही सगळ्यांना नाही. या गाळ्यातल्या बिलातही 'मापं घेणे' अशी ओळ कुठे सापडत नाही. मिस्त्री ती मजुरी बोरिंगमध्येच मिसळतात. मग बुलेटवाला बिल उलटसुलट करून विचारतो, "काका, बाजूच्या गल्लीत बोरिंग स्वस्त आहे हो. तुमच्याकडे एवढं कसं?"