भूल कुठल्या औषधाने द्यायची?

सिरिंजमध्ये दुधासारखं पांढरं दिसतंय ते प्रोपोफॉल. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्या मिश्रणामुळे आलेला हा रंग. साठ किलोच्या धडधाकट माणसाला साधारण 12 मिलिलिटर पुरतं. शिरेतून जाताना हात चांगलाच झोंबतो, म्हणून भूलतज्ज्ञ बरेचदा आधी थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, देतात. अर्ध्या-पाऊण मिनिटात पेशंट गाढ झोपतो.

1986 साली हे औषध ब्रिटनच्या बाजारात आलं आणि पन्नास वर्षं गाजलेलं थायोपेन्टोन हळूहळू मागे पडलं. प्रोपोफॉलची भूल लवकर उतरते, मळमळ कमी होते. ठरवून केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनला आणखी काय हवं?

अपघातात रक्त गेलेल्या माणसाचं गणित मात्र वेगळं. प्रोपोफॉलने रक्तवाहिन्या सैल पडतात. वरचं बीपी आधीच 80 वर आलेलं असेल, तर तेवढ्याच डोसाने ते पार कोसळू शकतं. मग भूलतज्ज्ञ डोस बराच कमी करतात, नाहीतर औषधच बदलतात.

बदली औषध म्हणून एटोमिडेट आदर्श वाटायचं. माणूस झोपतो, आणि मॉनिटरवरचं बीपी सहसा फारसं हलत नाही. इतकं सुरक्षित, तर अतिदक्षता विभागात सलाईनमधून सतत का देऊ नये? स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी ते तसं दिलंही. 1983 साली त्यांनीच धोक्याची घंटा वाजवली. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर जखमींपैकी ज्यांना मॉर्फिनसोबत बेन्झोडायझेपिन या गुंगी आणणाऱ्या गटातलं औषध मिळालं, त्यांच्यात 28 टक्के दगावले होते. एटोमिडेट मिळालेल्यांत 77 टक्के. ही काटेकोर चाचणी नव्हती, जुन्या नोंदींची तुलना होती. पण कारण लवकरच हाती लागलं. कॉर्टिसॉल हे हार्मोन तयार करणारं, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतलं एक एन्झाइम हे औषध अडवून धरतं. आजारपणाशी झुंजायला शरीराला जे लागतं, नेमकं तेच बंद! सतत देणं थांबलं, पण एकच डोस देण्याची पद्धत राहिली. अर्थात एका डोसानेही ती ग्रंथी साधारण दिवसभर दबलेली राहते.

मग केटामाइन? ते शरीरातलं ॲड्रिनॅलिन वगैरे बाहेर काढून बीपी वर ठेवतं. भूल उतरताना काहींना भलतेसलते भास होतात, पण जीव वाचवायच्या घाईत ते चालवून घ्यावं लागतं. खरी अडचण दुसरीच. दिवसेंदिवस तापाने, जंतुसंसर्गाने खंगलेल्या माणसाकडे बाहेर काढायला तो साठाच उरलेला नसतो. तिथे केटामाइननेही बीपी पडतं.

एटोमिडेट आणि केटामाइन यांची थेट तुलना अमेरिकेत डॅलसमध्ये झाली. तातडीने श्वासनलिकेत नळी घालावी लागलेले 801 रुग्ण. औषध कुठलं, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. निकाल 2022 मध्ये आला. नळी घालतानाच्या काही मिनिटांत केटामाइन गटात रक्ताभिसरण कोसळण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे एटोमिडेट सरस? सातव्या दिवशी केटामाइन गटातले 85 टक्के हयात होते, एटोमिडेट गटातले 77. अठ्ठाविसाव्या दिवशी ठाम म्हणावा असा फरक उरला नव्हता.

‘सुरक्षित’ हे नेमकं कुठल्या घडीला मोजायचं, यावर भूलतज्ज्ञांमध्ये आजही वाद आहे. आणि माझ्या मते तो फुकाचा वाद नाही.